काटेवाल्यांचे थांबे

रोज सकाळी दुकानाला जाताना काटेवाले ठरलेल्या जागी थांबत. आधी बुटांच्या दुकानाच्या काचेसमोर, मग फोटो स्टुडिओसमोर, मग शिलाई मशीनच्या दुकानासमोर आणि शेवटी कधीच बंद पडलेल्या एका बँकेच्या पायऱ्यांपाशी. त्या पायऱ्यांपाशी बघण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तिथे ते सिगारेट पेटवत.

थांबणं बेतशीर असे. हात पाठीमागे, मान किंचित कलती, नजर काचेतल्या मालावर. मनाजोगतं बघून झालं की पुढे. बघणाऱ्याला वाटे, माणूस चौकस आहे. स्टुडिओवाल्याला वाटे की यांना फोटो काढून घ्यायचाय पण लाज वाटतेय, म्हणून त्याने काचेत वयस्कर माणसांचे चार चांगले फोटो लावले. शिलाई मशीनवाल्याला वाटे, हे मशीनच्या किमती कुणाला तरी कळवतात. काटेवाल्यांनी यातल्या कुणाकडूनही कधी काही विकत घेतलं नाही.

काटेवाले हे त्यांचं नाव नव्हे. ते वजनकाटे दुरुस्त करत, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेवाले म्हणे. त्यांच्या बायकोला काकू म्हणत. गल्लीच्या हिशेबाने हे जोडपं जुळत नव्हतं, पण लग्नाला इतकी वर्षं झाली होती की तक्रार करायची कुणी?

दुकान कंपासपेटीसारखं होतं, अरुंद आणि लांब. छताला दांडीचे तराजू टांगलेले, फळीवर तबकडीचे काटे, खाली धान्याच्या दुकानातले मोठे काटे, आणि कोपऱ्यात अलीकडचे विजेवर चालणारे, ज्यांच्याकडे काटेवाले सावत्र मुलांकडे बघावं तसे बघत. सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम एकच. मखमलीच्या पेटीतलं पितळी वजन फडक्याने उचलायचं, आपल्या काट्यावर ठेवायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं. बोटाने उचलायचं नाही. बोटाचं तेल लागतं आणि तेलालाही वजन असतं. काटा बरोबर दाखवतोय याची खात्री झाली की मगच गिऱ्हाइकाकडे बघायचं, मग ते दारात कितीही खाकरत असो.

सगळे काटे खोटं बोलतात, असं त्यांचं मत होतं. प्रश्न फक्त किती आणि कोणाच्या बाजूने, एवढाच. हे मत ते घरीही घेऊन येत. स्वयंपाकघरातला काटा, तापमापक, भिंतीवरचं घड्याळ, कशावरच त्यांचा विश्वास नव्हता. लेकीला शाळेत गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले तेव्हा त्यांनी पेपर तपासले कोणी, हे आधी विचारलं. लेक आता मोठी झाली होती, नोकरी करत होती, पण हे ती विसरली नव्हती.

वर्षातून एकदा वजनमापांचे निरीक्षक बाजारात येत आणि काट्यांवर शिक्का मारून जात. त्याआधीचे काही दिवस काटेवाल्यांच्या दुकानात गर्दी उसळे. वर्षभर थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे झुकवलेले काटे दुकानदार घाईघाईने सरळ करून घेत. शिक्का बसला की महिन्याभरात काटा पुन्हा मालकाच्या मनाप्रमाणे वागू लागे. काटेवाल्यांना हे सगळं ठाऊक होतं. ते काटा सरळ करून देत. वाकडा कोणी करून मागितला तर देत नसत. पण कुणाबद्दल कुठे बोलतही नसत. या दिवसांना त्यांनी नाव दिलं होतं, 'सोवळ्याचे दिवस'.

काकू घरी काजं करत. चार शिंप्यांचे सदरे त्यांच्याकडे येत. प्रत्येक सदऱ्याची काजं कापून, दोऱ्याने बांधून त्या परत देऊन येत. काज करताना नजर एका टाक्याएवढ्या जागेवर ठेवावी लागते, बाकीचा सदरा दिसला नाही तरी चालतो. काकूंनी नंतर स्वतःलाच बोल लावला तो याच कारणाने, की एवढ्या जवळून बघायची सवय असताना घरातलाच माणूस आपल्याला दिसला नाही.

कारण नवऱ्याबरोबर त्या बाहेर पडत तेव्हाही हेच होई. चार पावलं बरोबर चालली की काटेवाले कुठल्या तरी काचेशी थांबत आणि म्हणत, "तू हो पुढे, मी आलोच." काकू पिशव्या घेऊन पुढे होत. लग्नकार्यात, दवाखान्यात, बाजारात, सगळीकडे काकू आधी पोचत आणि मग थोड्या वेळाने काटेवाले येत. काकूंच्या भावाने तर त्यांचं नाव 'मागची गाडी' ठेवलं होतं. काकूंना वाटे, वय झालं की काही पुरुष बडबडे होतात, काही बघे होतात. आपल्या वाट्याला बघा आला. बडबड्यापेक्षा बरा.

पितळ उघडं पाडलं ते बुटांच्या दुकानदाराने, आणि तेही चांगल्या मनाने. बूटवाल्यांनी एक दिवस काकूंना रस्त्यातच गाठलं. म्हणाले, काचेतल्या त्या तपकिरी, नाडीच्या बुटांवर साहेबांचा जीव जडलाय. रोज सकाळी देवासमोर उभं राहावं तसे उभे राहतात. मी दोनदा भाव उतरवला, पाटी बदलली, दिव्याची जागा बदलली, पण गृहस्थ आत पाऊल टाकत नाहीत. आता तुम्हीच काय ते बघा, मला माणसाचे हाल बघवत नाहीत.

काकूंना भरून आलं. उभ्या जन्मात नवऱ्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्यांनी काजांच्या पैशातून ते बूट आणले आणि रात्री जेवणानंतर समोर ठेवले. काटेवाल्यांनी बुटांकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा बुटांकडे. म्हणाले, "अरे वा." त्या दोन शब्दांत आनंद शोधायचा काकूंनी बराच प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी काटेवाले नवे बूट घालून निघाले. काकूही सदरे पोचवायला निघाल्या होत्या आणि बुटांच्या दुकानासमोरच्या शिंप्याकडे उभ्या होत्या. तिथून त्यांना दिसलं. काटेवाले आले आणि नेहमीच्या जागी थांबले. काचेत आता बूट नव्हते. दुकानदाराने त्या जागी अजून दुसरा जोड ठेवला नव्हता. नुसता रिकामा लाकडी ठोकळा होता, त्यावर दिव्याचा उजेड पडला होता. काटेवाले हात पाठीमागे घेऊन, मान किंचित कलती ठेवून त्या रिकाम्या ठोकळ्याकडे मन लावून बघत होते. पायात तेच बूट.

मग त्यांनी उजवी टाच उचलली. घोडा उभ्या उभ्या एका पायाला विसावा देतो तशी. हात पाठीमागून सुटला आणि पोटरीवर गेला. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. काकूंनी तो चेहरा घरात कधी पाहिला नव्हता. थोड्या वेळाने तो पुन्हा रोजचा झाला, टाच खाली आली आणि काटेवाले फोटो स्टुडिओच्या दिशेने निघून गेले.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पाय."

काटेवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण त्यांचा घड्याळावर विश्वास नव्हता, त्यामुळे तिथूनही मदत मिळाली नाही. मग हळूहळू सांगितलं. थोडं चाललं की पोटरी आवळून येते, कुणी चिमट्यात धरल्यासारखी. थांबलं की सुटते. पुन्हा चाललं की पुन्हा. दोन-अडीच वर्षं झाली असतील. ताकास तूर लागू दिली नव्हती.

"मी पिशव्या घेऊन पुढे जात होते," काकू म्हणाल्या.

"मीच सांगत होतो ना पुढे हो म्हणून."

लेक कामावरून आली, तिने सगळं ऐकलं, आणि पुढच्या आठवड्यात वडिलांना रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काकूही गेल्या. यापुढे कुठेही पुढे व्हायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरबाई लेकीपेक्षा थोड्याशाच मोठ्या होत्या. त्यांनी आधी दंडाचा रक्तदाब घेतला, मग तोच पट्टा पायाच्या घोट्याला बांधला. असं काही काटेवाल्यांनी पाहिलं नव्हतं. ते उठून बसले आणि पट्ट्याकडे बघत राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हात आणि पाय दोन्हीकडे दाब साधारण सारखा हवा. तुमच्या पायात तो हाताच्या निम्म्यावर आलाय, कारण पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत चालल्यात. म्हणजे दोन पारडी आहेत आणि एक हलकं पडलंय. हे काटेवाल्यांना तात्काळ पटलं. त्यांनी फक्त पट्टा कितपत जुना आहे, एवढं विचारून घेतलं.

पण नंतर डॉक्टरबाईंनी पाय सोडून दिला आणि छातीला नळी लावली. मग रक्त तपासायला सांगितलं. मग गोळ्यांची नावं लिहिली, आणि त्यांतली एकही पोटरीसाठी नव्हती. काटेवाल्यांनी ती यादी वरून खाली वाचली. शेवटी काकूंकडे झुकून म्हणाले, "रोग रेड्याला नि औषध पखालीला."

डॉक्टरबाईंना ऐकू गेलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "काका, रक्तवाहिन्या सगळ्या एकाच घरातल्या. पायाच्या बुजल्या आणि हृदयाच्या नव्या कोऱ्या राहिल्या असं सहसा होत नाही. तुमचा पाय फक्त आधी बोलला. या दुखण्यात पाय जाण्याची भीती असते, पण त्याहून मोठी भीती वरची असते."

रक्तात दोन गोष्टी मुख्यतः बघायच्या होत्या. एक, शरीरात कुठे आग धुमसत असली, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात सूज असली की वाढणारं एक प्रथिन. दुसरं, हृदयावर ताण पडला की हृदय स्वतःच रक्तात सोडतं ते द्रव्य. यांच्यावरून माणूस किती धोक्यात आहे याचा अंदाज येतो आणि त्याच्यामागे किती हात धुऊन लागायचं ते ठरवता येतं, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. दोन्ही आकडे आले ते हवे त्याहून वर. डॉक्टरबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. सिगारेट बंद. गोळ्या रोज. आणि चालायचं; दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. काही महिन्यांनी पुन्हा रक्त.

परतताना काकूंनी रस्त्यातच सांगून टाकलं, "पायाचं काय व्हायचं ते होवो. मला माणूस हवाय." काटेवाले म्हणाले, होय तर. आणि बँकेच्या पायऱ्यांपाशी थांबले, पण काकू बरोबर होत्या म्हणून सिगारेट पेटवली नाही.

त्यानंतरचे महिने काटेवाले कसे वागले हे काकूंना पुढे कळलं. घरात त्यांनी सिगारेट ओढली नाही. गोळ्यांची पाकिटं महिन्याच्या महिन्याला आणली आणि दुकानात नेली, म्हणाले, तिथे वेळच्या वेळी घेता येतात. चालायचं म्हणून ते दुकानाला जात होते आणि येत होतेच. काकूंच्या हिशेबाने सगळं सुरळीत चाललं होतं. रक्ताची तारीख जवळ आली तसे तर काटेवाले आणखीच शहाणे झाले. जेवण कमी. मीठ कमी. झोप वेळेवर. बोलणं मवाळ. एकदा तर त्यांनी काकूंच्या भावाची स्वतःहून विचारपूस केली. काकूंना बरं वाटलं आणि थोडी शंकाही आली, कारण एवढं चांगलं वागणारा नवरा त्यांनी केला नव्हता.

त्या दिवसांत काटेवाले तोंडात आगपेटीची काडी धरून असत. ती चावत, कोपऱ्यातून या गालात, मग त्या गालात. चार दिवसांत डावा गाल जड दिसू लागला. काकूंनी विचारलं तर म्हणाले, रात्री कुशीवर झोपलो.

रक्त दिलं. आकडे आले. धुमसणाऱ्या आगीचा आकडा आधीपेक्षा कितीतरी वर गेला होता.

काटेवाल्यांनी कागद दुमडून खिशात ठेवला आणि जाहीर केलं की यंत्र खोटं बोलतंय.

लेकीने डोक्यावर हात मारून घेतला. काकूंनी समजावून पाहिलं. पण काटेवाले एकाच गोष्टीवर अडून बसले, की आम्ही एका किलोला वर्षातून एकदा शिक्का घेतो, माणसाचं रक्त मोजणाऱ्या यंत्रावर शिक्का कोणाचा आहे ते मला बघायचंय. शेवटी काकूच म्हणाल्या, चला, बघून या, पण मी येणार. आणि दोघं प्रयोगशाळेत गेली.

तिथली रक्त तपासणारी बाई मध्यम वयाची होती आणि तिला कसलंच नवल वाटत नव्हतं. काटेवाल्यांनी आपला धंदा सांगितला, मग शंका सांगितली. तिने काचेपलीकडून यंत्र दाखवलं. म्हणाली, आजोबा, रोज सकाळी पेशंटच्या आधी यात एक नमुना टाकतो. त्याचं उत्तर आम्हाला आधीच माहीत असतं. यंत्राने तेच उत्तर दिलं तर दिवस सुरू. नाही दिलं तर इथे कितीही माणसं उपाशीपोटी बसली असली तरी आम्ही पहिली नळीसुद्धा लावत नाही.

काटेवाले काचेजवळ गेले. "तो नमुना बोटाने उचलता?"

"हातमोजे असतात."

त्यांनी मान हलवली. काकूंनी नवऱ्याला हरलेलं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, बुद्धिबळात, लेकीकडून. तेव्हा ते असेच उभे होते, हात पाठीमागे, अंगातून वारा निघून गेल्यासारखे. पण आज ते हरल्यासारखे दिसत नव्हते. एखाद्या ओळखीच्या माणसाला परक्या ठिकाणी बघावं, तसे त्या यंत्राकडे बघत होते.

मग त्या बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गालाला काय झालं?"

"काही नाही. काडी लागली."

"किती दिवस सुजलाय? रक्त देताना होता का असा?" आणि काकूंकडे वळून, "यांना डॉक्टरांकडे न्या. हिरडीत पू झाला असेल तर हा आकडा त्यानेसुद्धा वाढतो."

काटेवाल्यांच्या चेहऱ्यावर हिरडी दुखत असतानाही समाधान पसरलं. तिथून ते सरळ डॉक्टरबाईंकडे निघाले, आणि त्या रस्त्यात ते किती वेळा थांबले हे त्यांच्याही लक्षात आलं नसेल. डॉक्टरबाईंना त्यांनी खुर्चीत बसायच्या आत सांगितलं की आकडा हिरडीचा आहे, माझा नाही.

डॉक्टरबाईंनी तोंडात दिवा मारून पाहिलं. म्हणाल्या, खरंय, हा आकडा मुळात भोळा आहे. घरात चूल पेटली काय आणि घराला आग लागली काय, तो धूर दिसला की ओरडतो. म्हणूनच एकट्या त्याच्या शब्दावर आम्ही चालत नाही. गाल बरा झाला की तो पुन्हा मोजू. "पण काका, हा दुसरा आकडा बघा. याला तुमच्या हिरडीशी काही देणंघेणं नाही. हा हृदयाचा आहे. हाही वाढलाय."

खोलीत भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. काटेवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"दोन वेगळे काटे," ते म्हणाले.

"दोन वेगळे काटे. मला कोडं हेच पडलंय, की गोळ्या घेऊनही असं का? मी आज आणखी एक जोराचं औषध लिहिणार होते."

काकू पदराच्या काठावरून बोट फिरवत होत्या, काजाची शिवण तपासावी तसं. मग काटेवाल्यांनी सांगितलं. गोळ्या दुकानाच्या खणात आहेत. सगळ्या. सिगारेट बँकेच्या पायऱ्यांवर चालू होती. तारखेच्या आधी आठ-दहा दिवस सोडली होती, तल्लफ मारायला काडी चावत होतो. काटे शिक्क्याच्या आधी सरळ करून घेतात तसं केलं. एकदा पास झालं की बाई मला सोडतील असं वाटलं.

डॉक्टरबाई पेन बंद करून बसल्या. "म्हणजे तुम्ही न घेतलेल्या औषधाला मी नापास करत होते."

"होय."

"आणि त्याच्या डोक्यावर दुसरं औषध घालणार होते."

"होय."

मग काटेवाल्यांनी विचारलं की माझ्यासारखे आकडे असलेली शंभर माणसं घेतली, तर त्यांतली किती जातात? डॉक्टरबाईंनी टाळलं नाही. म्हणाल्या, येत्या पाच वर्षांत वीसेक, असंच चालू ठेवलं तर. सुधारलं तर कमी.

"त्या वीसांत मी आहे का?"

"ते रक्त सांगत नाही. ते फक्त सांगतं तुम्ही कुठल्या रांगेत उभे आहात."

काटेवाल्यांनी मान डोलावली. आपली चूक किती असू शकते हे आपल्या तोंडाने सांगणारा काटा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

घरी आल्यावर काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी एक सदरा घेतला, सुईत दोरा ओवला आणि काज करायला बसल्या. काटेवाले समोर बसून राहिले. एक काज पूर्ण झाल्यावर काकू म्हणाल्या, "दुकानदार काटा मारतो तो गिऱ्हाइकाला फसवायला. तुम्ही कोणाला फसवत होतात?"

काटेवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "निरीक्षकाला."

"डॉक्टरबाई म्हणजे निरीक्षक. बरं. मग माल कमी मिळणार होता तो कोणाला? गिऱ्हाईक कोण?"

ते तिच्या हातातल्या सुईकडे बघत राहिले.

"मी," काकू म्हणाल्या, आणि दुसरं काज कापलं.

दुसऱ्या दिवशी काटेवाल्यांनी दुकानातून सगळ्या गोळ्या घरी आणल्या. सर्वांत लहान वजनांची पितळी पेटी रिकामी केली. तिच्यात ओळीने खळगे होते. रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या ते चिमट्याने एकेका खळग्यात ठेवत आणि सकाळी चिमट्यानेच उचलून तोंडात टाकत. लेक म्हणाली, बाबा, गोळीला बोट लागलं तर चालतं. ते म्हणाले, असेल. सिगारेट सुटली, पण सोपी नाही सुटली. तीन आठवडे घरात कुणाला काही विचारायची सोय नव्हती. काकूंच्या भावाची तर नाहीच.

आणि संध्याकाळी दोघं चालायला जाऊ लागली. आता थांबे उघडउघड होते. पोटरी आवळली की काटेवाले म्हणत, "थांबू." मग दोघं मिळून काचेत बघत. स्टुडिओवाल्याच्या काचेतल्या फोटोंतल्या माणसांची काकूंनी नातीसुद्धा लावून टाकली: हा सासरा, हा त्याचा कंजूष भाऊ, ही विहीण, हिचं कोणाशी पटत नाही. शिलाई मशीनवाला संशयाने आत जाई. पोटरी सुटली की पुन्हा निघायचं. चार-सहा महिन्यांनी लक्षात आलं की स्टुडिओपर्यंत थांबावंच लागत नाही. पण बुटांच्या दुकानासमोर मात्र काटेवाले थांबतच. दुखत नाही तर कशाला, असं काकूंनी विचारलं. ते म्हणाले, त्याला वाईट वाटेल. बूटवाले काचेतून हात करत. त्यांचा अजूनही समज होता की साहेब दुसऱ्या जोडावर डोळा ठेवून आहेत.

हिरडी बरी झाल्यावर आगीचा आकडा खाली आला, आणि गोळ्या पोटात जाऊ लागल्यावर आणखी खाली आला. हृदयाचा थोडा उतरला आणि तिथेच बसून राहिला. दर वेळी काटेवाले प्रयोगशाळेत जाऊन आधी विचारत, सकाळचा नमुना बरोबर आला होता का? बाई म्हणे, आला होता. मग ते हात पुढे करत. तारखेच्या आधीचे दिवस आता इतर दिवसांसारखेच जात. काकूंचा भाऊ म्हणाला, मागची गाडी वेळेवर धावायला लागली. काटेवाल्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की आपण शंभरातल्या ऐंशींतसुद्धा असू शकतो, आणि वीसांतसुद्धा, आणि दोन्ही रांगांत चहा मिळतो. मेहुण्याला यातलं काही कळलं नाही, पण त्याने चहा घेतला.

अशी सात वर्षं गेली. बाजारातले दांडीचे तराजू संपले. विजेच्या काट्यांशी काटेवाल्यांनी तह केला. तपकिरी बुटांचे तळवे दोनदा बदलले.

ते गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं एकच गोष्ट बोलत होती, की अहो, रोज चालायचे, पाय तर ठणठणीत होते. काकू हो म्हणत. पाय खरोखरच शेवटपर्यंत ठणठणीत होते.

काही दिवसांनी काकू उरलेल्या गोळ्या परत द्यायला डॉक्टरबाईंकडे गेल्या. वीसांत निघाले की ऐंशींत, हे त्यांना विचारायचं होतं, पण विचारल्यावर त्यांचं त्यांनाच ते विचित्र वाटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाच वर्षं केव्हाच उलटली होती काकू, ते ऐंशींतच निघाले. पुढचा हिशेब वेगळा. पहिले आकडे पाहिले तेव्हा मला एवढ्या वर्षांची खात्री नव्हती.

"त्यांना नाही तसं सांगितलंत."

"त्यांनी शंभरात किती एवढंच विचारलं होतं."

काकूंना हे उत्तर आवडलं. येताना त्या बुटांच्या दुकानासमोर थांबल्या. त्यांना काही दुखत नव्हतं. बूटवाल्यांनी आतून पाहिलं आणि या खेपेला हात केला नाही, उठून दारापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले.

ते गेले त्या संध्याकाळी विशेष असं काहीच घडलं नव्हतं. हे काकूंनी सगळ्यांना सांगितलं, कारण सगळे तेच विचारत. चहा झाला होता. उद्याच्या गोळ्या पेटीत ठेवून झाल्या होत्या, एकेक खळग्यात. काकूंनी पायात चपला अडकवल्या आणि दार उघडलं. काटेवाले दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, उजवा बूट पायात, डावा हातात, नाडी सोडवत. काकू पहिली पायरी उतरून थांबल्या, कारण पुढे व्हायचं नाही हे त्यांचं ठरलेलं होतं. काटेवाल्यांनी मान वर केली नाही. नाडीची गाठ नखाने सैल करत म्हणाले,

"तू हो पुढे, मी आलोच."